तीन झाडं, पन्नास ग्रॅम आणि शेजाऱ्यांचं नाक

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून १८ वर्षांवरच्या माणसाला घरात गांजाची झाडं लावता येतात, असं सांगितलं की भारतातून हमखास विचारतात, "मग आता सगळे ओढतच बसलेत का?" छे हो. इथं लोक नियम वाचत बसलेत.

किमान सहा महिने या देशात वास्तव्य हवं. एका वेळी माणशी तीनच झाडं, तीही मुलांच्या किंवा परक्यांच्या हाती लागणार नाहीत अशी. वाळवलेला माल घरात ५० ग्रॅमपर्यंत, बाहेर पडताना खिशात २५. घरी पिकवलेलं मित्राला फुकटसुद्धा द्यायचं नाही. आणि शेजाऱ्यांना नाहक त्रास होता कामा नये.

झाडाला नुसती पानं असतात तोवर हे सगळं पाळणं सोपं. खरी परीक्षा फुलोऱ्यात.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांच्या मागच्या खोलीत काळा तंबू आहे, आत दिवा. त्यांनी दिव्याचा टायमर १८ तासांवरून १२ वर आणला आणि झाड कळ्या धरू लागलं. शेवंतीसारखंच हे झाड रात्रीची लांबी ओळखतं; सलग अंधार वाढला की त्याला वाटतं, हिवाळा जवळ आला, आता फुलायला हवं. मध्येच उजेड शिरला तर बिनसतं, म्हणून आजोबा दिवा विझल्यावर त्या खोलीचं दार उघडत नाहीत. घरी आलेल्या पाहुण्यांनाही उघडू देत नाहीत!

नर झाड ओळखू आलं की लगेच काढून टाकायचं, नाहीतर पराग पडून मादीच्या कळ्यांत बिया भरतात. बिनबियांच्या कळ्यांवर बारीक, चिकट, राळेने भरलेले केस येतात. नशेचा अंश त्यांतच, आणि वासही. कोळशाचा फिल्टर लावलेला पंखा अखंड चालू असतो, तरी पुढचे आठ-दहा आठवडे जिन्यात घमघमाट असतोच. तक्रार अजून कुणी केलेली नाही. बिअरला कडवट चव देणारं हॉप्सचं झाड याच कुळातलं. बव्हेरियातल्या हालरटाऊ भागात त्याचे मळेच्या मळे आहेत, आणि तिथंही कामाची फक्त मादी फुलं. त्या वासाला मात्र इथं कुणी नाक मुरडत नाही.

मला गंमत वाटते ती ५० ग्रॅमची. तीन झाडं चांगली फुलली तर सुकल्यावर त्याहून सहज जास्त भरतात, आणि वरचं नष्ट करावं लागतं. विकायचं नाही, वाटायचं नाही, ठेवायचंही नाही. म्हणजे हात ज्याचा चांगला, त्यालाच शिक्षा. आजोबांनी यातून सरळ मार्ग काढलाय: ते एकच झाड लावतात.

आणि हो, तुम्ही कुंडी शोधायला उठू नका. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडेच, आणि परवान्याशिवाय झाड लावणं हाच गुन्हा आहे.