पालथा घडा

स्मरणिकेसाठी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी दुकानात एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं पोट उघडून बसलो होतो. पाच केचा, म्हणजे पाच हजार ओहमचा, रोध हवा होता. बाजारात सहसा 4.7 के मिळतो, नेमका पाच नाही. डबीतून तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचे दोन काढले, म्हणजे दहा-दहा केचे, आणि समांतर जोडले, म्हणजे दोघांची टोकं टोकांना. झाले पाच. शिवाय दोन्ही अर्ध्या वॅटचे, त्यामुळे जोडीनं एक वॅट सोसतात. हे करताना शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची आठवण येते ती येतेच.

दहावीत एकसर जोडणी, म्हणजे एकामागे एक रोध, मला कधीच अवघड गेली नाही. 6 आणि 3 ओहम, बेरीज 9, संपलं. समांतर जोडणीत मात्र 1/6 अधिक 1/3 करून मी 1/2 काढलं आणि खाली ऐटीत लिहिलं, 'परिणामी रोध 0.5 ओहम'. सरांनीच शिकवलं होतं की समांतर जोडणीचं उत्तर सगळ्यांत लहान रोधापेक्षाही कमी यायला हवं. 0.5 हे 3 पेक्षा कमी आहेच! मी हट्टाला पेटलो.

सरांनी वाद घातला नाही. प्रयोगशाळेत नेलं (म्हणजे पत्र्याची शेड, पावसात तिथं अ‍ॅमीटरपेक्षा बादल्यांची गरज जास्त). दोन व्होल्टचा घट, 6 आणि 3 ओहमची दोन्ही वेटोळी, धारा मोजायला अ‍ॅमीटर, धारा चालू करायला प्लग की. तारांची टोकं पॉलिश पेपरनं मलाच घासायला लावली.

"तुझं उत्तर खरं असेल तर धारा किती?"

"दोन भागिले अर्धा... चार अँपिअर, सर."

"हा अ‍ॅमीटर दीड अँपिअरपर्यंतचा. शाळेत एकच आहे. लावू की?"

माझी बोबडी वळली. वर्गातली पोरं काट्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. सरांनी की बसवली. काटा उठला आणि एकच्या जरा अलीकडे थांबला. तारा, जोड यांचाही थोडा रोध असतो, म्हणून पुरता एक नाही.

"दोन व्होल्ट, साधारण एक अँपिअर. मग रोध?"

"दोन." म्हणजे माझं 1/2 हा रोध नव्हताच, एक भागिले रोध होता; तो उलटा करायचा राहिला होता.

"लोक पालथ्या घड्यावर पाणी ओततात. तू घडा पालथा घालायचाच विसरलास."

प्रयोगवहीत त्या 1/2 शेजारी त्यांनी लाल शाईनं एक पालथा घडा काढला. मार्क दिले नाहीत.