तुम्ही विचारलंत म्हणून: टिकेल का हा फोन?

"मॅडम, तुमच्यासारखा फोन घेतला तर चालेल का? टिकेल ना तो पुढं?"

महिन्यातून दोनतीनदा तरी हा प्रश्न येतो. मी सांगलीत एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे, त्यामुळे विचारणारी बहुतेक पोरंच. परवा मात्र खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "तुझ्या फोनात गूगल नाही म्हणे. मग चालतो कशावर गं?" काकू घरात नुसतं म्हणाल्या होत्या, मिक्सर बदलायला झालाय, आणि संध्याकाळपासून फोनभर मिक्सरच मिक्सर. (फोन ऐकतो की घरातलं कुणी तरी शोधतं, हा वाद वेगळा. नातवानं शोधलं असणार, असा माझा संशय आहे.) काकूंना जिन्यात मावेल तेवढं सांगितलं. बाकीचं इथं लिहिते.

माझ्या फोनवर लिनेजओएस ही प्रणाली (ओएस, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) आहे. म्हणजे अँड्रॉइडच, पण गूगलची ॲप्स आणि सेवा न घालता स्वयंसेवकांनी चालवलेलं. सायनोजेनमॉड नावाचा प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला, त्याच्या कोडवर हे उभं राहिलं. पण हा काही माझा पहिला उद्योग नाही. टेबलाच्या खालच्या खणात माझे आधीचे दोन आणि आईचा एक, असे तीन फोन पडून आहेत. 'टिकेल का' म्हणून कुणी विचारलं की मी तो खण उघडते.

पहिला इंटेक्सचा क्लाउड एफएक्स. ऑगस्ट २०१४, किंमत १,९९९ रुपये. आत फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाची फायरफॉक्स ओएस. कल्पना झकास होती: वेगळी ॲप्स हवीतच कशाला? वेबसाइट ज्यात लिहितात त्यातच फोनचं सगळं लिहायचं. नंबर फिरवायचा पडदासुद्धा एक वेबपानच. साडेतीन इंची स्क्रीन, १२८ एमबी रॅम, थ्रीजी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलानं हे फोन मोबाइल कंपन्यांमार्फत विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सव्वा वर्षात संसार आटोपला. त्या फोनबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. त्याचा कोड मात्र मेला नाही, तो पुढं भेटेलच.

दुसरा ॲक्वा फिश. हाही इंटेक्सचाच, २०१६ चा, ५,४९९ रुपयांचा. याच्यावर माझा जीव आहे. यातली सेलफिश ओएस फिनलंडच्या योला या कंपनीची, आणि योलाची कथा सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना एक पत्र लिहिलं. त्यात गोष्ट होती उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावरच्या माणसाची: फलाट पेटलाय, खाली बर्फगार पाणी, उडी मारल्यावाचून सुटका नाही. आपलाही फलाट पेटलाय, असं एलॉप यांचं म्हणणं. नोकियानं उडी मारली ती मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनकडे. इंटेलबरोबर मिळून केलेली मीगो नावाची प्रणाली तयार होत आली होती, ती बाजूला पडली. तिच्यावरचा एन९ त्याच वर्षी बाजारात आला, पण जन्मतःच पोरका. मग मीगोवर काम केलेल्या काही जणांनी बाहेर पडून कंपनी काढली आणि नाव ठेवलं योला. फिनिश भाषेत योला म्हणजे छोटं होडकं. फलाट पेटलाय ना? हे घ्या होडकं! नाव ठेवावं तर असं.

आणि काम नावाला साजेसं. स्क्रीनच्या तळाशी बटणं नाहीत. कडेवरून बोट आत सरकवलं की चालू ॲप बाजूला सरतं आणि उघडी असलेली सगळी ॲप्स छोट्या पानांसारखी समोर मांडलेली दिसतात. वरून खाली ओढलं की पर्यायांची यादी उतरते. बोट उतरेल तसा एकेक पर्याय उजळत जातो, हवा तो उजळला की बोट सोडायचं, झालं काम. त्या यादीचं इंग्रजी नावच मुळी कप्पीवरून, पुली मेन्यू. आजोळी आडावर पोहरा ओढलेला असल्यामुळे मला ते समजवावं लागलं नाही. एका हातात पिशवी असली तरी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं सगळं व्हायचं. आजही कुणाचा फोन हातात घेतला की माझा अंगठा आधी कडेवर जातो.

हा फोन मी ऑगस्टात घेतला आणि नोव्हेंबरात नोटबंदी झाली. जो तो यूपीआय सुरू करायला लागला. मीही बसले. आता इथं थोडं आतलं सांगते, कारण सगळी मेख इथंच आहे. यूपीआयचं ॲप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिममधून ते आपलं आपणच एक एसएमएस पाठवतं. तुमचं खातं, तुमचं सिम आणि तुमचा हँडसेट यांची गाठ त्या एसएमएसनं बांधली जाते. सेलफिशवर अँड्रॉइडची ॲप्स चालवायची सोय आहे, पण ती बैठकीत बसवलेल्या पाहुण्यासारखी राहतात. त्यांना स्क्रीन मिळते, इंटरनेट मिळतं, स्वयंपाकघरात मात्र प्रवेश नाही, आणि सिम स्वयंपाकघरात. मग एसएमएस जाणार कुठून? यात सेलफिशवाल्यांची चूक नाही. पाहुण्यानं उगाच फडताळं उघडू नयेत, हा खरं तर चांगला विचार. पण यूपीआय लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर दोनच घरं होती, अँड्रॉइड आणि आयफोन, आणि त्यात हे होडकं नव्हतं. एटीएमच्या रांगेत मी तो देखणा फोन हातात धरून उभी होते.

तिसरा फोन आईचा, जिओफोन. २०१७ साली १,५०० रुपये अनामत भरून मिळायचा तो. बटणांचा, पण आत कायओएस, आणि कायओएस म्हणजे मोझिलानं सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसच्या कोडवर उभी केलेली प्रणाली. माझ्या १,९९९ रुपयांच्या फोनचं पुनर्जन्मातलं रूप आईच्या कमरेला! (आमच्या घरात यावरून झालेला संवाद: "यात काय ओएस आहे?" "काय." "काय काय?" पुढचं तुम्हीच ताडा.) सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं आणि आई व्हॉइस मेसेजच्या नादी लागली. टाइप करायला नको, बटण दाबून धरायचं आणि मिरजेच्या मावशीला आमटीची कृती सांगायची. साडेचार मिनिटांची.

हे फोन दहा कोटींहून जास्त खपले. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा, म्हणजे किती मोठा आकडा ते बघा. गूगलनंही २०१८ मध्ये कायओएसमध्ये २ कोटी २० लाख डॉलर गुंतवले होते. आणि तरी २०२४ च्या मध्यावर कायओएसवर व्हॉट्सॲप नव्यानं घेता येणं बंद झालं, जुन्यांना २०२५ च्या सुरुवातीपर्यंतची मुदत मिळाली. हे आधीच जाहीर झालं होतं, म्हणून मी आईला दिवाळीतच स्पर्शाच्या फोनवर हलवलं. जिओफोन ती अजून लाइट गेल्यावर बॅटरी म्हणून वापरते.

पोरांना वाटतं, लोक कमी घेतात म्हणून असे फोन बुडतात. गर्दी झाली की सगळं आपोआप येईल. मी त्यांना आईचा फोन दाखवते. एवढी गर्दी होती की राव! दार ज्याच्या हातात होतं त्यानं ते लावून घेतलं, आणि गर्दी उठून दुसऱ्या दारात गेली.

याउलट योला. २०१४ मध्ये त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन टॅब्लेट करायला काढला, तो बऱ्याच जणांना कधी मिळालाच नाही. २०१५ अखेरीस पैसे संपले, माणसं कमी करावी लागली. मग रशियातल्या सरकारी कंपनीचा पैसा आला, तिथं सेलफिशवरून ऑरोरा नावाची वेगळी प्रणाली निघाली, आणि २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तोच पैसा गळ्यातली धोंड झाला. २०२३ मध्ये जुन्याच लोकांनी नवी कंपनी काढून धंदा विकत घेतला, २०२४ मध्ये पुन्हा एक फोन आणला. त्यांचे फोन वापरणारे जिओफोनच्या तुलनेत डाळीतल्या जिऱ्याइतके. पण होडकं पाण्यावर आहे.

तर प्रणाली टिकते हो. टिकवणारे खुळे लोक प्रत्येक देशात असतात, मी त्यातलीच. तुम्ही विचारायला हवं ते हे, की त्या फोनवरून बँकेत जाता येईल का.

माझंच बघा. माझा हँडसेट सहा वर्षांचा. बनवणाऱ्या कंपनीनं अपडेट देणं कधीच थांबवलं, पण लिनेजमुळे अँड्रॉइडचे सुरक्षा-पॅच अजून येतात. माझ्या बँकेचं ॲप उघडलं की लाल त्रिकोण: 'आपले उपकरण सुरक्षित नाही.' भाचीकडे तोच हँडसेट आहे, कंपनीनं दिलेल्या मूळ अवस्थेत, कित्येक वर्षं एकही अपडेट न झालेला. तिच्याकडे ॲप कसं लोण्यासारखं चालतं! बँकेच्या शाखेत जाऊन विचारलं. काउंटरवरच्या मुलानं फोन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, डिस्प्ले बदलून बघा."

कारण असं, की पुष्कळशी ॲप्स गूगलच्या प्ले इंटेग्रिटी नावाच्या सेवेला विचारतात, 'हा फोन ओळखीचा आहे का?' ती बघते ते मुख्यतः फोन गूगलनं प्रमाणित केलेला आहे का आणि त्याच्या बूटलोडरला (फोन चालू करताना प्रणाली उठवणारा आतला छोटा प्रोग्राम) कुलूप आहे का. दुसरी प्रणाली टाकायची तर ते कुलूप काढावंच लागतं. म्हणजे बंगला सोडून स्वतःचं घर बांधलं की तुमचं रेशनकार्ड रद्द.

मग पैसे कसे देता, हा पुढचा प्रश्न. *९९# वरून देऊन बघितले. ही सोय कुठल्याही फोनवर चालते, इंटरनेटही लागत नाही. बाजारात मेथीच्या दोन पेंड्या आणि कोथिंबीर घेतली, पस्तीस रुपये झाले. मावशींच्या गाड्यावर क्यूआर लटकवलेला, शेजारी पैसे आले की ओरडणारा डबा. पण *९९# ला क्यूआर वाचता येत नाही, समोरच्याचा मोबाइल नंबर लागतो.

"मावशी, नंबर सांगा तुमचा."

"कशाला?"

मागं दोघं खोळंबलेली. एक दाबा, नंबर टाका, रक्कम टाका, पिन टाका. मध्ये मावशींनी नंबरातला एक आकडा चुकवला, तो दुरुस्त करेपर्यंत वेळ संपला, पुन्हा श्रीगणेशा. दुसऱ्यांदा पैसे गेले. पण डबा गप्प, कारण त्याला फक्त स्वतःच्या क्यूआरवर आलेल्या पैशांचं कळतं. मावशी एकदा डब्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. शेवटी त्यांच्या मुलानं फोनमध्ये मेसेज दाखवला तेव्हा मेथी माझ्या पिशवीत आली. तेव्हापासून मी सुट्टे पैसे बाळगते, आणि घरी कपाटात बँकेपुरता एक साधा अँड्रॉइड ठेवलाय. तो कपाटाबाहेर येत नाही.

यातली गंमत बघा. बटणाच्या फोनसाठी यूपीआयवाल्यांनी दार ठेवलंय, अँड्रॉइड-आयफोनसाठी तर महाद्वारच आहे. मधल्या आम्हा लोकांना मात्र बटणवाल्यांच्या दारातून वाकून जावं लागतं. सरकारी पाठबळानं देशी प्रणाली आली की हे सुटेल, असं काही सर मला ऐकवतात. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीतून भारओएस आलं, मंत्र्यांनी हातात धरून दाखवलं. आनंद आहे. पण बाजारात मेथी घेताना ते कुणाच्या हातात मी अजून पाहिलेलं नाही. बँकांना 'गूगलचा शिक्का हाच एक पुरावा धरू नका' एवढं जरी वरून सांगितलं गेलं, तरी माझ्यासारख्यांचं निम्मं काम होईल. त्याला नवी प्रणाली लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

काकूंना मी 'नको' म्हणून सांगितलं. त्यांच्या फोनात मायक्रोफोनची परवानगी कुठल्या ॲप्सना दिली आहे ती यादी काढली, निम्म्यांची बंद केली, जाहिरातींचं वैयक्तिकीकरण बंद केलं. पाच मिनिटांचं काम, जिन्यातच झालं. काकू खूश.

पोरांना मात्र मी 'घेऊ नको, असलेल्यावर टाक' म्हणते. घरात एखादा जुना हँडसेट पडलेला असतोच. आधी बघायचं, त्याचं कुलूप कंपनी काढू देते का. काही कंपन्या मुळीच देत नाहीत, काही अर्ज करायला लावून सात-सात दिवस बसवून ठेवतात, आणि देणाऱ्यांची यादी वर्षागणिक लहान होत चाललीय. मला धास्ती आहे ती याची. मोझिलासारखी संस्था दमली तर दुसरं कुणी तरी कोड उचलतं, पण कुलूपच उघडलं नाही तर तो टाकणार कशावर?

काल द्वितीय वर्षातली एक मुलगी बहिणीचा जुना फोन घेऊन आली. काच तडकलेली, पण त्याचं कुलूप निघतं, बघितलं मी. सातव्या दिवशी, म्हणजे पुढच्या सोमवारी, प्रॅक्टिकल संपल्यावर ये म्हटलंय. आतले फोटो आधी काढून ठेव, सगळं पुसलं जातं. आणि केबल चांगली आण. नुसती चार्जिंगची नको, डेटा जाणारी. मागच्या वेळी त्या एका केबलपायी आम्ही तिघं संध्याकाळी साडेसातपर्यंत बसलो होतो.