ओलान्झापिन, मेटफॉर्मिन आणि रात्री दोनची खीर

धाकट्या भावाला बाविसाव्या वर्षी ओलान्झापिन हे मानसिक आजारावरचं औषध सुरू झालं. पहिल्या गोळीआधीच वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटीची शुगर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) नोंदवून ठेवायला हवं होतं. पहिल्या दवाखान्यात ते राहून गेलं. दहाव्या दिवशी नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये करून घेतलं. वजन भरलं 62 किलो, कंबर 79 सेंमी. (टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये, श्वास सोडून. पँटच्या पट्ट्यावरून मोजली की आकडा चुकतो.)

त्यानंतर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला वजन. मूळ वजनाच्या 5 टक्के वाढलं की डॉक्टरांशी बोलायचं. म्हणजे आमच्याकडे 3 किलोच. चौथ्या आठवड्याला काटा 66 वर होता. या औषधाने भूक अक्षरशः पेटते. वर तोंड कोरडं पडतं, मग एप्रिलच्या उन्हात माणूस उसाच्या रसाच्या गाडीकडे वळतोच. फ्रिजमध्ये ताक आणि साधं पाणी पुढे, बाकी सगळं मागे, एवढं केलं तरी फरक पडतो.

खरी गडबड रक्ततपासणीत झाली. उपाशीपोटीची शुगर 118 आली, म्हणजे वाढलेली; एचबीएवनसी (सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) मात्र 5.2, म्हणजे नॉर्मल. आमच्या आईकडे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे, भाऊ वाहक. विदर्भात अशी घरं पुष्कळ. वाहकांचं एचबीएवनसी काही मशीनवर चुकीचं येतं, आणि आजार असणाऱ्यांच्या लाल पेशी लवकर संपत असल्याने ते खोटं कमी दिसतं. शिवाय ते मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतं, नवी वाढ त्यात लगेच उतरत नाही. म्हणून 118 खरं धरायचं का? तेही नाही! रात्री दोनला उठून त्याने खीर खाल्ली होती, आणि सकाळी सातला रक्त दिलं. किमान 8 तास पोट रिकामं हवं. पुन्हा नीट केली, 109 आली. 100 ते 125 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पाहून डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, 500 मिग्रॅ, रात्रीच्या जेवणासोबत दिली, आठवड्याने सकाळीही. मेडिकलवाल्याने विचारलं, "भाऊ, एवढ्या लहान पोराला शुगर?" घरच्यांचाही तोच घोळ. शुगर नसली तरी वजन आवरायला ही गोळी देतात. सरासरी तीनेक किलोचा फरक पडतो, जादू नव्हे. एकटी घेतली तर शुगर एकदम खाली जाण्याची भीती जवळपास नसते.

सकाळी पोह्यांआधी गोळी घेतली की जुलाब व्हायचे. खाताना घ्यायला लावली, मग एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी, करून घेतली. ती तोडायची-कुटायची नाही. शौचात गोळीचं रिकामं टरफल दिसलं तरी औषध आत गेलेलं असतं. मे महिन्यात उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं, की डॉक्टरांना फोन करून ती थांबवायची का ते विचारायचं. वर्षातून एकदा बी-ट्वेल्व्हची तपासणी, विशेषतः शाकाहारी घरात.

वजन वाढतंय म्हणून ओलान्झापिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये. कमी वजन वाढवणारं दुसरं औषध चालेल का, तो प्रश्न मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारावा. आम्ही विचारला, आजार नुकताच आटोक्यात आलाय, सहा महिन्यांनी पाहू, असं उत्तर मिळालं. बाराव्या आठवड्याला वजन 65, शुगर 98.