मायेचा हिशेब : आमची वाटचाल

गोधड्या शिवून विकायला लागलो तेव्हा आम्ही दोघीच होतो, मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे ताई. आजही दोघीच आहोत. मधल्या काळात एक मशीन वाढलं, कापायला वेगळं टेबल आलं, ऑर्डरी वाढल्या, पण धंदा घरातलाच राहिला. घरी गोधड्या शिवणाऱ्या कितीतरी जणी विचारतात, की कापड इतकं महागलं तरी तुमचं कसं चाललंय? दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

किंमत ठरवायची आमची रीत फार सोपी होती. वरचं कापड, आतला कापूस, खालचं अस्तर, दोरा, एवढं मांडायचं आणि दुपटीला विकायचं. कापड स्वस्त होतं तोवर त्यात काही खटकलं नाही.

२०२१ सरता सरता प्रत्येक नवा तागा आधीच्यापेक्षा महाग येऊ लागला. मी कापसाच्या बातम्या वाचू लागले. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापसाचा जो भाव होता, त्याच्या जवळजवळ तिप्पट मे २०२२ मध्ये झाला. त्याच वर्षी टेक्सासमध्ये दुष्काळ पडला, पाकिस्तानात पूर आला, दोन्हीकडे पीक गेलं. पण मागणी ओसरली तसा त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास उतरलाही होता. मी ताईंना म्हटलं, "थांबू या, आता कापडही उतरेल."

ते उतरलं नाही. मीटरभर कापडाच्या किमतीत कापूस हा एक वाटा असतो. सूतकताई, विणाई, रंग, छपाई, वीज, वाहतूक हे बाकीचे वाटे, आणि ते चढले की पटकन खाली येत नाहीत. शिवाय दुकानातला तागा महाग कापसाच्या काळात विणलेला असतो. हे मला उशिरा समजलं, आणि तोवर वर्षभर आम्ही जुन्याच दराने माल दिला होता.

त्याच वर्षात आमच्या हातून मोठी चूक झाली. एका ठिकाणी बरंच स्वस्त कापड मिळालं. हाताला छान भरीव लागत होतं, रंग गडद. गर्द लाल पट्ट्या आणि मधे मोतिया रंगाचे चौकोन अशी गोधडी आम्ही शिवून दिली. तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवला. पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटला होता. मोतिया चौकोनांवर धावदोऱ्याचा एकेक टाका जिथे कापडात शिरला होता तिथे गुलाबी ठिपका, ओळीने. आणि तो भरीवपणा खळीचा होता. खळ निघून गेल्यावर खालचं कापड जाळीसारखं विरळ दिसत होतं. बाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. आम्ही पैसे परत केले आणि दुसरी गोधडीही शिवून दिली. स्वस्त कापडात जे वाचलं होतं त्याच्या कितीतरी पट त्या एका ऑर्डरीत गेलं.

तेव्हापासून नवा तागा घेण्याआधी आम्ही अर्धा मीटर आणतो. आधी उजेडाकडे धरून वीण बघायची. मग त्यावर दहा इंची चौकोन आखायचा, तो तुकडा पांढऱ्या कापडाबरोबर कोमट साबणाच्या पाण्यात टाकायचा, वाळवून इस्त्री करायची आणि पुन्हा मोजायचं. दहाचा साडेनऊ झाला म्हणजे कापड पाच टक्के आटलं. सुती कापड तीन ते पाच टक्के आटणं नेहमीचं आहे, त्याहून जास्त असेल तर आम्ही ते घेत नाही. पांढऱ्यावर रंग उतरला तर प्रश्नच मिटला.

दर वाढवायचा की नाही यावर आमचं बरेच दिवस अडलं होतं. शेवटी ताईंनी एक वही काढली आणि एका गोधडीचे तास लिहायला घेतले. कापणं, इस्त्री, जोडणं, तीन थर ताणून टाचणं, हाताचा धावदोरा, कडेचा गोट. ६० बाय ९० इंचाच्या त्या गोधडीला आम्हा दोघींचे मिळून ६२ तास लागले. विक्रीच्या पैशातून सामानाचा नवा खर्च वजा करून उरलेल्याला मी ६२ ने भागलं आणि आकडा ताईंना दाखवला. त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, एवढ्याशासाठी आपण डोळे फोडून घेतोय?" इतकी वर्षं आम्ही कापडाचा इंच न् इंच मोजत होतो आणि हातांची मोजणी कधीच केली नव्हती. कापड महागलं नसतं तर कदाचित ती कधी झालीही नसती.

दर वाढवायचं त्या दिवशी पक्कं झालं. पण त्याआधी कापड कुठे वाया जातंय ते बघायचं होतं, आणि त्यात मला सगळ्यात मोठं आश्चर्य मायेचं, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या जादा कापडाचं, वाटलं.

जोडकामात तुकड्याला चारी बाजूंनी पाव इंच माया ठेवावी लागते. म्हणजे जोडल्यावर दोन इंच दिसणारा चौकोन अडीच इंचाचा कापायचा. सव्वासहा चौरस इंच कापड लागतं, दिसतं चार. तीनातला एकाहून जास्त भाग मायेत जातो! तोच चौकोन सहा इंची ठेवला तर मायेत जातं जेमतेम पंधरा टक्के. ६० बाय ९० च्या गोधडीला दोन इंची चौकोन १३५० लागतात, सहा इंची १५०. दोन्हींच्या कापडातला फरक २१०० चौरस इंच. ४४ इंची पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडात काठ सोडून ४२ इंच धरले, तर तो फरक पन्नास इंच लांब कापडाएवढा होतो. निव्वळ आखणी बदलून सव्वा मीटर वाचलं, आणि बाराशे तुकडे जोडायचे तासही वाचले. आता बारीक नक्षी आम्ही फक्त उरलेल्या तुकड्यांची करतो. नवं कापड मोठ्या चौकोनांतच कापायचं. मोठा छापा त्यात खुलूनही दिसतो.

दुसरी गळती पाठीत, म्हणजे खालच्या अस्तरात, होती. त्याच मापाच्या गोधडीला चारी बाजूंनी दोन इंच जादा धरून ६४ बाय ९४ ची पाठ लागते. आम्ही वर्षानुवर्षं ९४ इंचाचे दोन उभे पाट, म्हणजे पूर्ण पन्ह्याचे तुकडे, जोडत आलो. एकूण १८८ इंच कापड, आणि बाजूला वीस इंच रुंद लांबच लांब पट्टी उरायची. आता ६४ इंचाचे दोनच पाट आडवे घेतो. ते ४२ आणि ४२ मिळून ८४ होतात. मधे उरलेल्या कापडाची ११ इंची जोडपट्टी घालायची. ८४ आणि ११ मिळून ९५, दोन शिवणींत एक इंच जातो, राहतात बरोबर ९४. कापड लागलं १२८ इंच, म्हणजे दीड मीटर कमी. पहिल्यांदा हे केलं तेव्हा गिऱ्हाइकाला आवडेल का याची धाकधूक होती. आता कितीतरी जणी गोधडी उलटी करून ती पट्टीच आधी बघतात.

बाकीच्या बचती लहान आहेत, पण सोडत नाही. सरळ कडेला तिरक्या कापाचा गोट लागत नाही, तो वळणाच्या कडेलाच हवा. कापसाच्या थराचे उरलेले तुकडे एकावर एक न चढवता कडेला कड लावून नागमोडी टाक्याने जोडले, तर वरून हाताला गाठ लागत नाही.

मग एका रविवारी कपाट रिकामं केलं. सगळं कापड मापून लिहून काढलं. पुढचे चार महिने आम्हाला अस्तराशिवाय काही विकत घ्यावं लागलं नाही. "चांगलं मिळालं म्हणून घेऊन ठेवलं" अशा कापडात आमचे किती पैसे अडकले होते ते त्या दिवशी कळलं. आता हातात ऑर्डर नसेल तर तागा घ्यायचा नाही, मग तो कितीही देखणा असो. मला हे अजूनही जड जातं.

जुन्या कपड्यांचं काम आम्ही आधी नाकारायचो. नव्या कापडाचा धंदा आहे अशी एक भावना होती. मग मी अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंडच्या बायकांबद्दल वाचलं. शेतात झिजलेल्या डेनिमच्या पँटी आणि शर्ट उसवून त्यांनी शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांचे फोटो ताईंना दाखवले, तेव्हा त्यांनी गुडघ्याशी विटलेल्या निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा रंग विकत मिळायचा नाही." आता गिऱ्हाइकांनी आणलेल्या कपड्यांच्या गोधड्या आमच्या कामाचा मोठा भाग झाल्या आहेत. त्यांत कापडाचा भाव मधे येत नाही, किंमत सरळ तासांची. फक्त कपडा दोन अंगठ्यांत धरून ताणून बघतो. करकरला की तो भाग वगळायचा. टी-शर्टासारखं ताणणारं कापड असेल तर मागे इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावल्याशिवाय कापायचं नाही, नाहीतर चौकोनाचा चौकोन राहत नाही.

दरवाढीचं पत्र मी स्वतः लिहिलं. कारणं झाकली नाहीत. कापड किती वाढलं, एका गोधडीला किती तास लागतात, आधी आम्ही ते धरत नव्हतो आणि आता धरतो आहोत, एवढंच. काही जुनी गिऱ्हाइकं गेली. त्यातल्या एका बाईंच्या दोन्ही मुलींच्या गोधड्या आम्ही शिवल्या होत्या. अजून चुकल्यासारखं वाटतं. पण ज्या राहिल्या त्यांनी घासाघीस केली नाही, काहींनी मोठीऐवजी मांडीवर घ्यायची लहान गोधडी सांगितली. ते माप तोवर आमच्याकडे नव्हतंच. आता तेच सगळ्यात जास्त जातं.

दर सांगितला की तो पंधरा दिवसांपुरता, हे आता पावतीवर छापलेलं असतं. कापडाची रक्कम आगाऊ घेतो आणि त्याच दिवशी कापड आणतो.

सध्या टेबलावर एका आजोबांच्या नऊ शर्टांची गोधडी आहे. ताईंनी खिसे उसवलेले नाहीत, तसेच चौकोनांत घेतले आहेत. माझं म्हणणं होतं की खिशाखाली दुहेरी थर येतो, धावदोरा जड जाईल. ताई म्हणाल्या, "जाऊ दे. तेवढे दोन तास जास्त लिही."