शेंगदाण्याचे लोणी आणि खानदेशी रस्सा

आमच्या खानदेशात शेंगदाणा नाही असे स्वयंपाकघर मला ठाऊक नाही. वांग्याचे भरीत असो, मिरचीची घोटलेली भाजी असो की भाकरीबरोबरची कोरडी चटणी, दाणे कुठे ना कुठे असतातच. असे असूनही शेंगदाण्याचे लोणी, म्हणजे बाजारातले पीनट बटर, आपण पावाला लावायचा पदार्थ समजतो आणि बरेचदा साखर व वनस्पती तूप घातलेल्या बरण्या विकत आणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आलेला जेएल-24, म्हणजेच फुले प्रगती, हा भुईमुगाचा वाण इतका नावाजला की आफ्रिकेतील मलावीतही तो काकोमा या नावाने लागवडीसाठी देण्यात आला. अशा मुलखात हे लोणी घरोघरी ताजे केले जावे, असे मला वाटते.

दाणे निवडताना घाई करू नये. सुरकुतलेले, काळपट किंवा कुबट वास येणारे दाणे काढूनच टाकावेत, कारण त्यांच्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि ते भाजल्यानेही पुरते नष्ट होत नाही. अर्धा किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, आतपर्यंत बदामी होईपर्यंत भाजावेत. मोठ्या आचेवर साल करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो. कोमट असतानाच चोळून, पाखडून साले काढावीत आणि दाणे लगेच मिक्सरमध्ये घालावेत. आधी कूट होते, मग ते भांड्याच्या कडांना चिकटते, मग त्याचा जड गोळा होतो, आणि येथेच बहुतेक जण धीर सोडून वरून तेल किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पाणी घालतात. दाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो. पेशी फुटल्या की ते आपोआप सुटते. आपण फक्त कडा खरवडाव्यात, मोटर निवू द्यावी आणि पुन्हा फिरवावे. उखळात कुटलेल्या चटणीला जी तेलकट चमक येते, तीच क्रिया येथे शेवटपर्यंत जाते. सैल, चकचकीत धार पडू लागली की बारीक मीठ घालून थांबावे.

काजूचे लोणी लवकर होते, बदामाला बराच वेळ लागतो. पण आमच्या रश्श्याला दाण्याचेच शोभते. बरणी काचेची आणि कोरडी असावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ती फ्रिजमध्येच ठेवावी. वर तेल तरंगले तर ते ओतून न टाकता ढवळून घ्यावे.

आता रस्सा. लोण्यात थोडेसे पाणी घातले की ते सैल होण्याऐवजी एकदम घट्ट होते, कारण तेलात मोकळे असलेले दाण्याचे कण पाण्यामुळे एकमेकांना चिकटतात. गरम पाणी थोडे थोडे घालत ढवळत राहिले की तेच मिश्रण पुन्हा सुटते आणि दुधाळ होते, म्हणून ते वेगळ्या वाटीत असे सैल करूनच रश्श्यात सोडावे. शेवभाजीसाठी कांदा आणि सुके खोबरे भाजून वाटतो, त्यातले अर्धे खोबरे कमी करून मी दोन मोठे चमचे लोणी घेते. काळा मसाला तेलात परतून वाटणाला तेल सुटले, पाणी घालून रस्सा उकळला, की आच मंद करून मगच ते घालावे. आधी घातले तर तळाला लागते. भरितात मात्र लोणी मुळीच घालू नये, तेथे तळलेले अख्खे दाणे दाताखाली यायलाच हवेत. लोण्यामुळे रस्सा आधीच दाट झालेला असतो, तेव्हा शेव अगदी ताटात वाढतानाच घालावी. लवकर घातली तर ती सगळा रस्सा पिऊन टाकते.