तुम्ही विचारलंत म्हणून: गच्चीवरच्या भंगाराबद्दल

“एवढं भंगार कशाला जमवता? वेल चढवायला जाळी मिळते की विकत.” हे वाक्य मी जिन्यात ऐकलंय, दवाखान्याच्या रांगेत ऐकलंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत वाढपी आमटी वाढत असताना ऐकलंय. दर वेळी मी हसून “छंद आहे हो” म्हणतो आणि विषय संपतो. यंदा ठरवलं, एकदा नीट सांगून टाकायचं. पुढे कुणी विचारलं तर हेच हातात देईन.

आधी जे कारण नाही ते. पैसे वाचवायला मी हे करत नाही. ड्रिलचे बिट, गंजाचा रंग, जुन्या बाजारात जायचं रिक्षाभाडं, हे सगळं मांडलं तर विकतची जाळी स्वस्त पडते. बायकोने एकदा मांडून दाखवलं आहे, तो कागद अजून फ्रिजवर आहे. पृथ्वी वाचवायलाही करत नाही. सुरुवातीला सिमेंटच्या गोण्या उसवून त्यांच्या पट्ट्यांनी वेल बांधायचो. दोन उन्हाळ्यांत त्या पट्ट्यांचा भुगा झाला आणि कुंड्यांमध्ये पांढरा कचरा पडला. अजून माती उकरली की सापडतो. तेव्हा कुणी कौतुकाने “पर्यावरण” वगैरे म्हणालं की मी मान खाली घालतो.

मग विकतची जाळी का नको? ती मी आणली होती. पहिल्या वर्षी दोडक्याला तीच बांधली. वेल चढला, दोडकी लागली, तक्रार काही नव्हती. तक्रार सुरू झाली वेल सुकल्यावर. दोडक्याचे ताणे, म्हणजे वेल पकडीसाठी पुढे टाकतो ते कुरळे हात, वाळले की तारेसारखे कडक होतात. नायलॉनच्या प्रत्येक गाठीत त्यांचे वेढे बसलेले. दोन रविवार कात्री घेऊन बसलो आणि शेवटी वेलासकट जाळी टाकून दिली. त्याआधी तिच्यात एक बुलबुल अडकला होता. त्याला सोडवताना हातात थरथरणारं ते एवढंसं अंग मला अजून आठवतं. जगला की नाही, माहीत नाही. उडाला एवढं पाहिलं.

आता माझ्या बाजूचं. मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं नेमक्या मापात घडवतात त्या खात्यात, एकतीस वर्षं काढली. वस्तू बघितली की तिचं नाव डोक्यात येण्याआधी तिची जाडी येते, त्याला माझा इलाज नाही. आणि वेलाला नेमकी जाडीच हवी असते. काकडी, कारलं, दोडका यांचे ताणे बारीक काडीला मिठी मारतात, चार इंची पाइप दिला तर नुसते चाचपडत राहतात. घेवडा, चवळी, गोकर्ण यांना ताणे नसतातच, ते खोडानेच वेटोळे घेत वर जातात, त्यांना उभी दोरी लागते. म्हणून जुन्या काळ्या सायकलची रिंग मला सोन्यासारखी वाटते. पुढच्या चाकाला 32 स्पोक, मागच्याला 40. स्पोक काढले की तेवढीच भोकं. एक रिंग पिंपात मातीवर, दुसरी मधल्या पाइपाच्या टोकाला सहा फुटांवर, आणि भोकाभोकातून काथ्या ओवायचा. सुतळी नको, पावसात कुजते. काथ्या टिकतो. ऑगस्टात तिथे चवळीचा हिरवा तंबू उभा राहतो. फ्रिजच्या मागची काळी जाळी कारल्याला. तिच्या तारा अशा बारीक की ताण्यांना शोधावंच लागत नाही. मात्र ती भंगारवाल्याकडून, नळी आधीच कापलेली असेल तरच घ्या. घरातल्या फ्रिजची स्वतः उचकटायला जाऊ नका, आत गॅस असतो. मोडक्या छत्रीच्या आठ काड्या कुंडीतल्या गोकर्णाला. इमारतीवरून लोंबकळणारी केबलची काळी वायर बांधायला, कारण ती खोडाला कापत नाही आणि उन्हात तडकत नाही. तीच वायर. तिच्यावर येतोच.

कारण तुम्हाला खरं विचारायचं असतं ते हे नाही. तुम्ही विचारता भंगाराबद्दल, पण डोळे टाकीकडे जातात, ते मला दिसतं.

तर 3 जून 2020. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं तो बुधवार. उन्हाळी दुधीचा मांडव तेव्हा गच्चीवर भरात होता. आठ फूट बाय सहा फूट, कुणीतरी टाकून दिलेल्या लोखंडी रॅकचे अँगल नटबोल्टांनी जोडलेले, त्यावर खिडक्यांच्या जुन्या जाळ्या. अकरा दुधी लटकत होते, प्रत्येकाला जुन्या साडीची झोळी. तीन कोपरे कठड्याच्या लोखंडी कड्यांना बांधले होते. चौथ्या कोपऱ्याजवळ कडी नव्हती. टाकीच्या तळातून बाहेर येणारा पांढरा पाइप होता.

बायको तेव्हाच म्हणाली होती, “अहो, त्या पाइपाला नका बांधू.”

मी म्हणालो, “त्याच्यावर वजन येतच नाही.”

आणि ते खरं होतं, हीच तर गंमत. माझ्या वहीत पान आहे: दुधीचं वजन, ओल्या पानांचं वजन, अँगलचं वजन, प्रत्येक पायावर किती. सगळं बरोबर. त्या पानाखाली मी लिहिलंय, “वजनाचा प्रश्न मिटला.” त्या माणसाला आता भेटलो तर कानशिलात देईन. वजन खाली येतं एवढंच त्याने धरलं. पानांनी गच्च भरलेला मांडव म्हणजे शीड असतं. वारा खालून शिरला की तो वर उचलतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वहीत ‘वारा’ हा शब्दच नाही, एवढंच.

दुपारी जेवायला बसलो होतो. वीज सकाळीच गेली होती. वरून आवाज आला, भांडी पडल्यासारखा नाही, पत्र्याची ट्रंक कुणी फरफटत नेल्यासारखा. धावत वर गेलो तेव्हा मांडव पालथा होऊन कठड्याला टेकला होता, चारी पाय आकाशाकडे. केबलची वायर तुटली नव्हती. तिच्या मजबुतीची मी सगळ्यांकडे फुशारकी मारायचो, ती खरी ठरली. वायरच्या जागी पाइप तुटला होता, थेट टाकीच्या तोंडाशी. पाच हजार लिटरची टाकी मनगटाएवढ्या धारेने गच्चीवर रिकामी होत होती, आणि गच्चीच्या पाणी जायच्या जाळीवर माझ्याच दुधीची पानं बसली होती. पानं हातांनी ओढून काढेपर्यंत पाणी जिना उतरून गेलं होतं.

चार मजले, सोळा घरं, करोनाचे दिवस, तासातासाला हात धुवा म्हणून सांगत होते ते दिवस. आणि नळाला थेंब नाही. आमचा प्लंबर राहायचा ती वस्ती पत्रे ठोकून बंद केलेली. दुकानं बंद. टाकीचं भोक मी लाकडाचा गुट्टा तासून, त्याभोवती सायकलची ट्यूब गुंडाळून बुजवलं. ह्या भागाचा मी नंतर अनेक वर्षं किस्सा करून सांगितला, बघा भंगारच उपयोगी पडलं म्हणून. तो मी सांगायला नको होता. एक तर तो गुट्टा गळत होता. आणि गुट्ट्याने टाकी भरत नाही. नळाला पाणी यायला पाइपच लागतो. तो शुक्रवारी संध्याकाळी बसला.

मधले दोन दिवस खालच्या हौदातून बादल्या. प्रत्येक घर आपापलं भरत होतं. दुसऱ्या मजल्यावरचं एक घर मात्र विलगीकरणात होतं, त्यांना दाराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यांचं पाणी मी वाहिलं. वाहायलाच हवं होतं, त्यात उपकार नव्हते, पण तेव्हा मला ते उपकारासारखं वाटत होतं, हे आज कबूल करतो. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी बादलीशेजारी एक दुधी ठेवला. मांडवाखालून अख्खा निघालेल्या चारांपैकी एक. बेल वाजवून चार पायऱ्या खाली उतरून थांबलो, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. दार बोटभर उघडलं. आतून त्या बाई म्हणाल्या, “काका, दुधी नको. पाणी पुरे.”

आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दुधी उचलून घरी आणला. बायकोने त्याचं काय केलं, मी विचारलं नाही. दुरुस्तीचे पैसे मी भरले, सोसायटीच्या सभेत माफी मागितली, आणि कठड्याच्या वर काही उभं करायचं नाही, पाइपांना काही बांधायचं नाही असा ठराव माझ्याच सहीने झाला. चवळीचे ते सहा फुटी तंबू त्याआधीचे. आता जे आहे ते जिन्याच्या खोलीच्या आडोशाला, भिंतीला धरून, बेताच्या उंचीचं, मोकळं, वारा आरपार जाईल असं. दुधी लावत नाही.

इथे कुणीतरी म्हणेलच, मग तेव्हाच का नाही सोडलंत? हा प्रश्न मीही मला विचारतो आणि उत्तरं बदलत राहतात. कधी वाटतं, मांडव भंगाराचा होता म्हणून पडला नाही, नवेकोरे पाइप आणून तसाच बांधला असता तरी उडाला असता. हे बरोबर आहे. मग वाटतं, नवेकोरे आणले असते तर बांधायला माणूस बोलावला असता, आणि त्याने टाकीच्या पाइपाला हात लावला नसता. हेही बरोबर आहे. फुकट मिळालेल्या वस्तूबरोबर एक मस्ती येते, की मी हे जमवलं, आता मला कोण शिकवणार. अँगलला गंज नव्हता, तो बाकी कुठे होता ते मी लिहीत बसत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटतात. हसतात, तब्येत विचारतात. कारली मी सगळ्या मजल्यांवर वाटतो, त्यांच्या दारापाशी थांबत नाही. त्यांना कारलं आवडत नसेलही.

परवा रविवारी जुन्या बाजारातून 40 भोकांची एक रिंग आणली, गंज फार नाही. मृग तोंडावर आलाय, गोकर्णाला कमरेएवढं काहीतरी करायचं डोक्यात आहे. काल संध्याकाळी गच्चीवर जागा बघत होतो तर बायको चहा घेऊन वर आली. रिंगेकडे बघितलं, टाकीकडे बघितलं.

“पाइपापासून किती लांब?”

“नऊ फूट. मोजलंय.”

“परत मोजा.”

मोजलं. साडेआठ भरलं.