टिळकांचं कीर्तन आणि देवाचा दरबार

ख्रिस्ती प्रचारक म्हटलं की बऱ्याच जणांना स्टेज, माईक आणि मोठाली कन्व्हेन्शन आठवतात, मला मात्र आधी नारायण वामन टिळकच आठवतात. शाळेत ते फक्त कवी म्हणून भेटतात, धर्मांतर केलं एवढं एका ओळीत सांगून विषय संपतो, आणि खरा माणूस तिथेच राहून जातो.

कोकणातल्या करजगावचे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा दांडगा व्यासंग. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, वाचा आणि प्रार्थना करा म्हणाला. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते असे अडकले की १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे. घरात काय आकांत झाला असेल! पत्नी लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या आणि पुढे स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या, ते सगळं त्यांनीच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. टिळकांच्या सेवेची किंमत त्या बाईने मोजली हे मला कधीच विसरता येत नाही.

पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, १९१२ पासून 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन. पण माझ्या मते त्यांचं खरं काम म्हणजे उपासनेला मराठी केलं. तोवर आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर बसवलेली, शब्द मराठी पण चाल परकी, गावाकडच्या माणसाच्या तोंडात बसायची कशी? टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, येशूची गोष्ट कीर्तनात आणली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड सांगायचे, त्यामुळे ज्ञानोबा-तुकोबा त्यांना कधी सोडावे लागलेच नाहीत. बाप्तिस्मा घेतला म्हणून मराठीपण सुटत नाही, हे त्यांनी जगून दाखवलं.

आणि मग १९१७. मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. पन्नाशी उलटलेली, तब्येत साथ देत नाही आणि हा माणूस पगारावर पाणी सोडतोय! मिशनमधल्या काहींना हे पटणं अवघडच होतं. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. दफन नको, दहन करा ही त्यांची इच्छा होती आणि तसंच झालं.

आजही मराठी चर्चमधलं गीतांचं पुस्तक 'उपासना संगीत' उघडा, त्यांची कितीतरी गीतं सापडतील. आमच्याकडे तरुण मुलं कीबोर्ड-गिटारवर सुंदर गातात, गाऊ देत, पण महिन्यातला एक रविवार तरी पेटी-मृदंगावर टिळकांची भजनं घ्या, सगळी कडवी घ्या, आणि वेळ नाही म्हणून शेवटची दोन गाळू नका.